घर भाड्याचं, मग मत कुठलं?

सांगवीकर (धागाकर्ता)

महापालिकांचं मतदान १५ जानेवारी २०२६ ला झालं. निकालांवर इथे भरपूर धागे निघाले आहेत, म्हणून हा विषय वेगळा काढतोय.

आमची इमारत म्हणजे खाली मालक आणि वरच्या तीन मजल्यांवर सिंगल रूम, वन आरके असे भाडेकरू. मतदानाच्या दिवशी खालच्या मजल्यावर सगळ्यांच्या बोटाला शाई होती, वर बहुतेकांची बोटं कोरी. या लोकांना राजकारणात रस नाही असं अजिबात नाही. पाणी दिवसाआड येतं त्यावरून जिन्यात रोज वाद होतात. पण नाव कुणाचं धनकवडीच्या यादीत, कुणाचं लातूरकडच्या गावी, आणि काहींचं कुठेच नाही.

शेजारच्या ताई स्वयंपाकाची कामं करतात. दिवाळीनंतर धनकवडीची खोली सोडून इकडे आल्या. या निवडणुकीसाठी विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर ज्याने घर बदललं त्याला नव्या जागी मत देण्याची सोयच नव्हती. ताईंचं मत पुणे महापालिकेत राहिलं आणि त्या राहतात पिंपरी-चिंचवडमध्ये. ज्या नगरसेवकाशी त्यांचा आता काही संबंध नाही त्याला निवडायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, आणि ज्याच्याकडे पाण्याची तक्रार न्यायची त्याच्या निवडीत त्यांना स्थान नाही. त्या गेल्या नाहीत. सुट्टी सरकारी होती, पण ज्या घरी त्या पोळ्या लाटतात तिथे त्या दिवशी पाहुणे होते.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम १९: वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघात तुमचं नेहमीचं राहणं, एवढंच हवं. कलम २० तर स्वच्छ सांगतं की एखाद्या ठिकाणी नुसतं मालकीचं घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. कायदा तुम्ही कुठे राहता एवढंच विचारतो.

पण पत्ता बदलायचा नमुना ८ भरायला घेतला की पुराव्यांची यादी समोर येते. वीज, पाणी किंवा गॅसचं किमान वर्षभराचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार, खरेदीखत. यातलं आमच्या वरच्या मजल्यावर काय सापडतं? वीजबिल मालकाच्या नावावर. गॅस म्हणजे पाच किलोची छोटी टाकी, तिला ना पुस्तक ना पत्ता. आधारवर गाव. पासबुकावरही गावच, कारण खातं गावच्या शाखेतलं. भाडेकरार असला तर नोटरीचा, नाहीतर तोंडी.

यातला प्रत्येक कागद फिरून मालकापाशी येतो. करार नोंदवायचा तर त्याची सही, आधारचा पत्ता बदलायचा तरी करार किंवा बिल त्याच्याकडूनच. मत माझं, पण ते मालकाच्या मर्जीवर अडकलेलं. मला हे मनापासून खटकतं.

भाड्याच्या पत्त्यावर ज्यांनी नाव लावून घेतलं, त्यांनी कोणता कागद दिला ते इथे लिहा. अडलं असेल तर कुठे अडलं तेही लिहा.

---

स्पष्टवक्ता

विषय चांगला आहे, पण थोडा विरोध नोंदवतो. मीही बारा वर्षं भाड्याने राहिलो. प्रत्येक वेळी करार नोंदवला, नाव हलवलं. ज्याला मत द्यायचं असतं तो देतो. रेशनकार्डासाठी, शाळेच्या प्रवेशासाठी हीच माणसं सगळे कागद उभे करतात, मग मतदार यादीच्या वेळीच का अडतं? आणि पुरावा न मागता नावं घातली तर दुबार आणि बोगस नावांचा जो गोंधळ आपण सगळ्यांनी पाहिला तो दुप्पट होईल.

---

सांगवीकर

स्पष्टवक्ता, तुमचा करार झाला कारण तुमच्या मालकाने तो करून दिला. शाळेच्या प्रवेशासाठी आई कामाचा दिवस मोडते, कारण मुलाचं वर्ष जातं. मतासाठीही तिने तितकाच खाडा करावा अशी अपेक्षा असेल तर ती अपेक्षा मालकीच्या घरात राहणाऱ्याकडून का नाही? त्याचं नाव वर्षानुवर्षं काही न करता यादीत राहतं. ज्याचं घर अकरा महिन्यांनी बदलतं त्याने दर वेळी अर्ज करायचा, पडताळणीला घरी थांबायचं, आणि तोवर पुढच्या घराची वेळ आलेली असते.

दुबारचा मुद्दा खरा आहे. त्यावर कुणीतरी आतलं माणूस बोललं तर बरं होईल.

---

शाळेतली बाई

आतलं माणूस हजर आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे एका केंद्राची मतदार यादी सांभाळायचं, घरोघरी जाऊन पडताळायचं काम करते आहे. इथे नाव देत नाही.

दुबार नावं कशी तयार होतात ते सांगते. घर बदललेल्या माणसाने नमुना ८ भरायचा असतो. म्हणजे जुन्या जागचं नाव आपोआप निघतं आणि नव्या जागी लागतं. पण लोक जातात सायबर कॅफेत नाहीतर नगरसेवकाच्या शिबिरात. तिथला मुलगा विचारतो, "नवीन नाव घालायचं ना?" आणि नमुना ६ भरून मोकळा होतो. नमुना ६ हा पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी आहे. जुनं नाव तसंच राहतं, नवं लागतं. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो. नंतर यादीत त्याच्या नावापुढे दोन तारे येतात आणि केंद्रावर त्याच्याकडून हमीपत्र लिहून घेतात. सगळी रांग बघत असते. एक मुलगा तर घाबरून परत निघाला होता, त्याला वाटलं पोलीस केस होणार. दुबार नावांमध्ये वारंवार घर बदलणारे भाडेकरू किती असतील याचा विचार करा. बोगस मतदार म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं त्यातले बरेच असे साधे लोक असतात, हे मी यादी हातात घेऊन फिरलेली बाई म्हणून सांगते.

दुसरी गोष्ट घरभेटीची. आम्ही जातो शाळा सुटल्यावर, दुपारी. भाडेकरूंच्या खोल्यांना तेव्हा कुलूप. खाली मालकीणबाई असतात. त्यांना विचारलं की "इथे कोण कोण राहतं?" तर त्या आपल्या घरातली नावं सांगतात. वरच्यांचं विचारलं तर "ते काय, येतात जातात" असं उत्तर. काही ठिकाणी तर स्पष्ट सांगतात की त्यांची नावं आमच्या घरनंबरावर घालू नका. मग वहीत शेरा पडतो, स्थलांतरित. मी रविवारी सकाळी परत जाते, सगळ्यांना ते जमत नाही. शाळा, जनगणनेचं काम, पोषण आहार, सगळं एकाच माणसाच्या अंगावर आहे.

---

कायद्याचं बोला

मालकांची भीती कुठून येते ते समजून घ्यायला हवं. मतदार यादीत नाव लागलं की भाडेकरू घर बळकावेल, हा समज जुन्या पागडीच्या खटल्यांपासून चालत आला आहे. आज लिव्ह अँड लायसन्सवर (ठराविक मुदतीच्या करारावर) राहणाऱ्याला पागडीच्या भाडेकरूसारखं संरक्षण नाही. उलट मुदत संपल्यावर ताबा परत मिळवायला मालकासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २४ मध्ये खास तरतूद आहे. यादीतल्या नावाने घरावर कसलाही हक्क तयार होत नाही.

याच कायद्याचं कलम ५५ भाडेकरूंनी पाठ करावं. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. कायदा एवढा भाडेकरूच्या बाजूने असताना लोक तोंडी व्यवहारावर का राहतात? कारण खोली हवी असते, आणि नोंदणीचा आग्रह धरणाऱ्याला खोली मिळत नाही. महिना पाच-सहा हजारांच्या खोलीला मुद्रांक शुल्क फार नसतं, पण शहरात हजार रुपये नोंदणी फी आणि वर एजंटचे पैसे, हे सगळं भाडेकरूच्याच माथी मारलं जातं.

सगळ्यांत महत्त्वाचं. पुराव्यांच्या यादीतला एकही कागद नसला तरी अर्ज बाद होत नाही. अशा वेळी प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करणं हे अधिकाऱ्यांचं काम आहे. फुटपाथवर झोपणाऱ्यांसाठी तर आयोगाचीच सूचना आहे की बीएलओने रात्री तिथे जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का ते बघावं, एकाहून अधिक रात्री बघावं, आणि खात्री पटली की कागद मागू नये. ज्याला छप्परच नाही त्याच्यासाठी जी सोय आहे ती खोलीत राहणाऱ्याला नाकारायची, याला काही आधार नाही.

मतदार अर्जात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. स्पष्टवक्ता, बोगस नावांवरचा उपाय तो आहे.

---

स्पष्टवक्ता

कलम ५५ ची माहिती मला नव्हती, धन्यवाद. पण जागेवर पडताळणी नीट व्हायची तर त्यासाठी माणसं हवीत. शाळेतल्या बाई म्हणतात तेच खरं, एका शिक्षिकेकडून हे होणार नाही. तोवर कागदाचा आग्रह सोडू नये असंच माझं मत आहे.

---

कोयता

मी बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार. भाडेकरू नाही, पण दर साली सहा महिने घराबाहेर असणाऱ्यांतला. आमच्याकडं नाव यादीत पक्कं असतं, माणूस गावात नसतो.

२०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला होती. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला धरला होता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून दसऱ्याच्या आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. तो म्हणला गाडी भरायची की भरायची. नवरा-बायको म्हणजे एक कोयता. दोघं गेले की दोन मतं गेली, आणि म्हातारे आई-बाप घरी राहिले तर तेवढीच त्या घरची मतं. ग्रामपंचायतीचं तर विचारूच नका. १८ डिसेंबर २०२२ ला राज्यात हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं तेव्हा आमच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडात होत्या. गावचा सरपंच ठरवायला गावातलं निम्मं कष्टकरी माणूस नाही.

मग काय होतं? उमेदवार गाड्या पाठवतात. रात्री फडातून उचलायचं, सकाळी मतदान, संध्याकाळी परत फडात. जाण्यायेण्याचं, जेवणाचं, बुडालेल्या रोजाचं तोच बघतो. आता ज्याच्या गाडीतनं आलो त्याच्या विरोधात बटन दाबायला माणसाची छाती होत नाही. मतदान गुप्त असलं तरी टोळीला वाटतं मुकादमाला कळतंच.

आम्हाला गाडी नको, तारीख पाहिजे. हंगामाची आणि मतदानाची तारीख दोन्ही सरकारी खात्यांच्याच हातात आहेत. साखर आयुक्तालयाला हंगाम कधी सुरू होणार ते माहीत असतं.

---

कायद्याचं बोला

कोयता, तुम्ही सांगितलं ते गंभीर आहे. मतदारांना केंद्रावर नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणं हे लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये भ्रष्ट आचरण म्हणून लिहिलेलं आहे. निवडणूक त्यावरून रद्द होऊ शकते. पण गरजच अशी आहे की तक्रार करणार कोण?

---

घाटकोपरची

मुंबईतून लिहिते. आमच्या वस्तीत बहुतेकांचं नाव यादीत आहे, तरी मत होत नाही. कारण रांग.

२० मे २०२४, लोकसभा. त्या दिवशीचं ऊन मुंबईतल्या कुणी विसरलं नसेल. आमच्या केंद्रावर रांग शाळेच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर, सावली नाही. पुढे जाऊन कळलं की मोबाइल आत न्यायचा नाही. घरून दोघं-तिघं आलेत त्यांनी एकमेकांकडे फोन दिले. माझ्या पुढे घरकाम करणारी एक मावशी होती, एकटी आलेली. पोलीस म्हणाले, फोन ठेवून या. कुठे ठेवायचा? कोपऱ्यावरचा पानवाला वीस रुपये मागत होता आणि तिला त्याचा भरवसा वाटेना. त्या फोनवर तिला कामाचे निरोप येतात, तो गेला तर तिचा महिना गेला. तासभर उभी राहिलेली बाई रांग सोडून गेली. निवडणूक आयोगाने २०२५ च्या मे महिन्यात केंद्राच्या दाराशी फोन ठेवायची सोय करण्याचा निर्णय घेतला, तो वर्षभर आधी यायला हवा होता.

त्याच निवडणुकांपासून मोठ्या सोसायट्यांच्या आवारात केंद्रं उघडली गेली. लिफ्टने खाली उतरून क्लबहाउसमध्ये मत देता येतं. वयस्कर लोकांना त्याचा फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या माणसाला अशी सोय का नाही? समाजमंदिर, बालवाडी, व्यायामशाळा, वस्तीत जागा असतात.

आणि सुट्टीचं बोलते. १९५१ च्या त्याच कायद्याच्या कलम १३५ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळायला हवी. न देणाऱ्या मालकाला दंड किती? पाचशे रुपयांपर्यंत. एका सुपरवायझरच्या दुपारच्या जेवणाइतका. आमच्याकडच्या सिक्युरिटीच्या मुलांना बारा तासांची ड्युटी, सकाळी आठला सुरू. त्यांना कुणी सोडलं नाही.

एक मात्र सगळ्यांनी सांगत राहा. मतदानाची वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्याला मत देता येतं. सहाला रांगेत असाल तर चिठ्ठी मिळते, मग कितीही वाजोत. आमच्याकडे कित्येक जण "आता वेळ संपली" म्हणून साडेपाचला घरूनच निघत नाहीत.

---

म्हापसेकर

गोव्याहून. आमच्याकडे मतदार यादीची विशेष सखोल फेरतपासणी नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. पहिल्यांदा बिहार झालं, दुसऱ्या टप्प्यात गोवा होता, महाराष्ट्र नव्हता, म्हणून तिकडच्या भाडेकरूंनी हे आधीच वाचून ठेवावं.

बीएलओ छापील फॉर्म घेऊन यादीतल्या पत्त्यावर येतो. तीनदा येतो. तुम्ही ती खोली सोडून दुसऱ्या वाड्यावर गेला असाल तर फॉर्म जुन्याच दारात. फॉर्म भरून परत गेला नाही तर कच्च्या यादीत नाव नाही. शिवाय २००२ च्या, म्हणजे मागच्या अशाच फेरतपासणीच्या, यादीत तुमचं किंवा आईवडिलांचं नाव शोधायचं. सिंधुदुर्गातून, बेळगावातून इथे हॉटेलात, बांधकामावर, मासळीच्या कामाला आलेल्यांची घराणी २००२ ला भलत्याच राज्याच्या यादीत. ती यादी मोबाइलवर शोधणं मलाच जड गेलं.

बिहारमध्ये १ ऑगस्ट २०२५ च्या कच्च्या यादीतून ६५ लाख नावं गेली. त्यात साधारण ३६ लाखांपुढे कारण होतं: कायमचे स्थलांतरित किंवा पत्त्यावर न सापडलेले. कामासाठी बाहेर गेलेला माणूस पत्त्यावर सापडणार कसा? यातले कितीतरी तुमच्याच पुण्या-मुंबईत स्लॅब भरत असतील. तिथे नाव गेलं आणि इथे लागलं नाही तर तो देशात कुठलाच मतदार नाही.

मालकांच्या भीतीबद्दल वर वाचलं. गोव्यात ती आणखी घट्ट आहे, मुंडकार कायद्यामुळे. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत राहणाऱ्याला, म्हणजे मुंडकाराला, १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळालं, आणि तेव्हापासून कुणाचं नाव आपल्या घरनंबरावर चढलं की मालकाचा जीव वरखाली होतो. भाडं देऊन राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण समजावणार कोण?

---

कायद्याचं बोला

म्हापसेकरांच्या मुद्द्याला जोडून. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी यादीत असलेलं नाव नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही. नाव नाकारलं किंवा काढलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही झालं तर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण नोटीस जाते यादीतल्या पत्त्यावर, आणि तिथे आता दुसरा भाडेकरू राहतो.

---

नोकरी_दिल्ली

आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता ना? एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान होईल असं ते यंत्र. त्याचं पुढे काय झालं?

---

शाळेतली बाई

जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं होतं. स्थलांतरित म्हणजे नेमकं कोण, दुसऱ्या राज्यात आचारसंहिता कशी लावायची, मतदान प्रतिनिधी कुठून आणायचे, असे प्रश्न पक्षांनी काढले आणि विषय तिथेच थांबला. प्रश्न रास्त होते. पण त्यांची उत्तरं शोधायला पुन्हा कुणी बसलं नाही याचं मला वाईट वाटतं. सैनिकांसाठी टपाली मत आहे, काश्मिरी विस्थापितांसाठी दिल्लीत केंद्रं आहेत. म्हणजे इच्छा असली की मार्ग निघतो. कोयतादादांसाठी तो निघायला हवा.

---

सांगवीकर

सगळ्यांचे आभार. कायद्याचं बोला यांनी जागेवरच्या पडताळणीचं सांगितलं ते मी वरच्या मजल्यावर वाचून दाखवलं. ताई नमुना ८ भरणार आहेत. आधारवर अजून गावचाच पत्ता आहे, करार नाही, मालक सही देत नाहीत. शाळेतल्या बाई, अर्जात नेमकं काय लिहायचं? आणि पलीकडे बांधकामाच्या लेबर कॅम्पमध्ये पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यांना घरनंबरच नाही. त्यांचं काय?

---

शाळेतली बाई

ताईंनी पत्त्यात मालकाचा घरनंबर, मजला आणि खोली लिहावी, आणि जवळची ठळक खूण द्यावी. पुराव्याच्या जागी "इतर" निवडून जे असेल ते जोडावं: भाडं ऑनलाइन दिल्याची नोंद, मुलाच्या शाळेचं पत्र, दवाखान्याचा केसपेपर. काहीच नसेल तर "जागेवर पडताळणी करावी" असं स्वच्छ लिहावं. मोबाइल नंबर चालू असलेला द्यावा, आणि घरी कधी सापडाल ती वेळ कागदावर वेगळी लिहून जोडावी. बीएलओला त्याचा खरंच उपयोग होतो. कागदी अर्ज दिला तर पोच घ्या, ऑनलाइन भरला तर संदर्भ क्रमांक जपून ठेवा. पंधरा-वीस दिवसांत कुणी आलं नाही तर तो क्रमांक घेऊन १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन करा आणि मतदार नोंदणी अधिकाऱ्यांच्या नावे लेखी विचारणा करा. तोंडी विचारू नका.

लेबर कॅम्पसाठी कॅम्पचं नाव, साइटचा पत्ता आणि खोलीची ओळ लिहिली तरी चालतं. तिथल्या बीएलओंना आधी भेटा आणि रविवार ठरवून घ्या, कारण बाकी दिवशी ती माणसं सापडणारच नाहीत. ज्यांना गावीच मत ठेवायचं आहे त्यांची नावं हलवू नका, आधी विचारा. गावी घर, शेत, म्हातारी माणसं आहेत, कित्येकांना तिथलंच मत हवं असतं.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करू नका. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, महापालिकेला तर त्याहून आधीची यादी धरली होती हे वर आलंच आहे. आत्ता कुठलीच घाई नाही, आत्ताच भरा.